सांगायला एक परकं माणूस

आमच्या घरात स्टोव्ह पेटवण्याआधी मावशीला बाहेर पाठवायची पद्धत होती. माय रॉकेलच्या बाटलीचं बूच काढण्याआधी म्हणायची, "प्रेमिला, जाय वं, नळावर गर्दी किती हाये पाहून ये." त्या वेळी नळाला पाणी नसतं हे दोघींनाही ठाऊक असे. मावशी पदर खोचून निघायची आणि कोरड्या नळापाशी उभी राहायची. वास उडून निळी ज्योत लागली की मी दारातून हाक मारायची. पण एखाद्या दिवशी शेजारचं कुणी अंगणात स्टोव्ह भरायला बसे, वारा आमच्या बाजूचा असे, आणि मग सगळी तजवीज फुकट जाई.

तेव्हा मावशीचे डोळे एका जागी थांबत. मान हलू लागे, आधी सावकाश, मग इतक्या जोरात की अंबाडा सुटून केस तोंडावर येत. घशातून घोगरा आवाज निघे. त्यात शब्द नसत. थोड्या वेळाने ती जमिनीवर कोसळे आणि उठल्यावर कुणाशी बोलत नसे.

नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आमच्या वस्तीतल्या वयस्क बायांनी असं डोलणं लहानपणी पुष्कळ पाहिलं होतं. छप्पन साली बौद्ध होताना सगळ्यांनी देव सोडले, पण डोळ्यांना जुनं ओळखीचं वाटायचंच. एकदा मावशी अंगणात अशी डोलायला लागली आणि समोरच्या तुळसाबाईचे हात आपोआप जोडले गेले. "कोन आली वं, बाई?" ती पुटपुटली. नेमके तेव्हाच बाबा पाळीवरून परतत होते. त्यांनी सायकल तशीच सोडून दिली.

"तुळसाबाई," ते म्हणाले, "तुमी दीक्षा नागपुरात घेतली का मरीमायच्या पारावर?"

तुळसाबाई रडायला लागली. बाबांना दया आली नाही. मावशी अजून मातीत पडलेली होती, आणि तिच्याभोवती उभं राहून सगळे तुळसाबाईच्या चुकीवर बोलत होते.

माझे बाबा, वामनराव, कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करत. वस्तीत त्यांच्या शब्दाला मान होता, कारण त्यांनी घरातले देव पोत्यात भरून स्वतःच्या हाताने नदीत टाकले होते आणि विहाराच्या भिंतीही स्वतःच्या हाताने लिंपल्या होत्या. त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, मी पाहिलं नाही. तिच्या अंगात मरीमाय यायची. गावात पटकी आली की एरवी जिची सावली चालत नसे तिला वरच्या आळीतून बोलावणं यायचं. भगत समोर बसून विचारायचा, डोळे मीट, काय दिसते, कोन हायेस तू. ती बोलेपर्यंत तिला कडुलिंबाच्या डहाळ्यांनी झोडपत. शेजारी पोरवयाचे बाबा नारळाचं ताट धरून उभे असत. एका वर्षी त्या मारातच ती गेली, आणि लोकांनी ते मरण देवीच्या नावावर टाकलं.

त्यामुळे आमच्या घरात कुणाच्या अंगात येणं शक्यच नव्हतं. मावशीला जे होत होतं त्याला बाबा 'चक्कर' म्हणत, आणि आम्हीही तेच म्हणायचं असा हुकूम होता.

ती चक्कर कुठून आली हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. मावशीचं सासर रामटेकच्या पलीकडे, धानाच्या पट्ट्यातलं एक गाव. नवरा लवकर वारला. पोरबाळ नाही. घरात ती आणि पाय लुळे पडलेली तिची सासू, प्रयागबाई. गावातल्या बौद्धांनी वरच्या आळीच्या लग्नात डफडं वाजवायला नकार दिला, त्याचा डूख धरून लोक वर्षभर गप्प राहिले. मग सत्त्याहत्तर साली, धानाची कापणी चालू असताना, वस्तीतली धडधाकट माणसं शेतावर आहेत असं पाहून ते भरदुपारी आले. मावशी सासूला भरवायला तेवढी घरी आली होती. तिला बाहेर ओढलं, दोघांनी तिचे केस धरले, आणि तिच्यासमोर छपरावर रॉकेल ओतलं. प्रयागबाई आत खाटेवर होती.

कोर्टात मावशीला विचारलं की डबा कुणाच्या हातात होता, तू किती अंतरावर होतीस, केस मागून धरले होते तर तुला पुढचं नीट कसं दिसलं. तिसऱ्या प्रश्नाला तिची मान हलायला लागली. साक्षीदाराची मनःस्थिती ठीक नाही असं ठरलं, आणि सगळे सुटले. निकालाच्या संध्याकाळी त्यांनी गावात डफडं वाजवलं, ते मात्र स्वतःच. बाबा मावशीला नागपुरात घेऊन आले.

नंतर दर वर्षी, प्रयागबाई जळाली त्या तारखेला, बाबा विहारात तिच्यावर बोलत. त्यांना बोलता चांगलं यायचं. शेवटी आवाज खाली आणून ते सांगत की आग अंगाशी आली तरी म्हातारीच्या ओठांवर बुद्धं सरणं होतं. बायका पदर डोळ्यांना लावत. मावशीला पहिल्या सतरंजीवर बसवलेलं असे. कार्यक्रम संपला की लोक तिच्या पायाला हात लावून जात, आणि ती पाय आखडून घेई.

डॉक्टरांकडे न्यायला बाबांची ना नव्हती. उलट बदली पाळी करून, झोप मोडून ते तिला नेत. एकाने झोपेच्या गोळ्या दिल्या. ती दिवस चढेपर्यंत झोपू लागली, आणि जागी झाली की रॉकेलचा वास होताच. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने सगळं बाबांना विचारलं. मावशी शेजारच्या स्टुलावर होती, पण तो तिच्याकडे वळलाही नाही. फक्त शेवटी पापणी खाली ओढून पाहिली. मूलबाळ नाही ना, मग दुसरं लग्न लावून द्या, असं त्याने सांगितलं. आणखी एकाने तिला विद्यार्थ्यांच्या घोळक्यात उभं केलं, हिस्टेरिया म्हणजे काय ते त्यांना समजावलं, आणि तिला जायला सांगितलं. कुणीतरी पागलखान्याचं नाव काढलं तेव्हा माय रडली. प्रत्येक ठिकाणी बाबाच गावची गोष्ट सांगत, विहारात सांगत तशीच, ओठांवरच्या त्या शब्दांपर्यंत. तिथे आल्यावर मावशी लुगड्याचा काठ मुठीत धरायची. मी तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, कवितेतल्या एकेका शब्दावर तासभर बोलू शकत होते. ती मूठ मला दिसली फार उशिरा.

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. मावशी मान वर न करता बोलली.

"जया, सारे मले बरी कराले पाह्यतेत. मले काई सांगाचं हाये, थे कोनी ऐकत नाई."

मला सांग, असं मी म्हणाले.

"तू घरची हायेस. माही सासू आतून काई बोलली. थे घरच्यायले नाई सांगता येत. परकं मानूस पाह्यजे. ज्याले प्रयागबाई मालूम नाई, भाऊजी मालूम नाई, असं."

"अन् त्यानं ऐकून काय करायचं?"

"काई नाई. ऐकाचं."

एवढंच तिला हवं होतं. तीन वर्षं आम्ही तिला गोळ्या, इंजेक्शनं, सल्ले देत फिरत होतो.

आमच्या गल्लीतली वच्छला रामदासपेठेत एका दवाखान्यात आया होती. ती म्हणाली की तिथे दर गुरुवारी एक बाई बसतात, मनाच्या डॉक्टर, बंगळूरला शिकून आलेल्या. सगळे त्यांना इंदुताई म्हणतात. औषध कमी देतात, पेशंटला बोलायला लावतात.

"बोलाचीबी फी घेते काय वं ते?" माय म्हणाली. "मंग तर मी लखपती झाली असती."

मावशी हसली. तिला हसताना पाहून मायने लगेच बाबांकडे गोष्ट काढली. शिकलेली डॉक्टर आहे म्हटल्यावर ते तयार झाले.

शहर बसने सीताबर्डीला उतरून आम्ही उन्हात चालत रामदासपेठेत गेलो. इंदुताई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, सुती पातळातल्या. बाबांनी बसता बसता गावची गोष्ट सुरू केली. इंदुताईंनी ती मधेच थांबवली आणि तुम्ही दोघं बाहेर बसा म्हणाल्या. बाबांना असं कुणी आजवर बाहेर बसवलं नव्हतं. कूलरची हवा यावी म्हणून दार उघडंच होतं, मधे फक्त एक पडदा. मग मावशीचा आवाज आला.

"तुमचं गाव कोनतं?"

"अकोल्याकडचं. का हो?"

"आमच्या गावात तुमचं नातंगोतं नाई ना?"

"नाही. कुणीच नाही."

मग इंदुताईंनी तिला डोळे मिटून पाहायला सांगितलं, मिटवत नसतील तर राहू द्या असंही म्हणाल्या, आणि हळूच विचारलं, "त्या दुपारी काय दिसतंय? कोण आहे तिथं?"

खुर्ची करकरायला लागली. मावशीचा श्वास पडद्याबाहेर ऐकू येत होता. माझ्या शेजारी बाबा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता, लहान मुलासारखा झाला होता. मी हात धरायच्या आत त्यांनी पडदा सारला.

"बंद करा हे," ते म्हणाले. "शिकलेल्या बाई तुम्ही. हे धंदे आम्ही नदीत बुडवून आलो."

"वामनराव, त्या बोलणार होत्या."

"माझी मायबी बोलायची."

त्यांनी मावशीला दंडाला धरून उठवलं. तिचं तोंड उघडं होतं. पहिला शब्द जिभेवर आलेला असावा, तसंच ते उघडं राहिलं होतं, आणि आम्ही तिला त्या तोंडानिशी रस्त्यावर आणलं. फाटकापाशी तिने दंड सोडवून घेतला. सीताबर्डीपर्यंत ती आमच्या मागे चालत आली, बसमध्ये उभी राहिली, माझ्या शेजारची जागा रिकामी असून बसली नाही.

घरी पोचल्यावर मायने पाण्याचा गडवा पुढे केला. मावशीने तो भिंतीवर मारला.

"भाऊजी, काहून उठवलं मले?"

बाबा खाटेवर बसले. त्यांना ओरडायचं असावं, पण आवाज निघाला तो बारीक. त्यांनी त्यांच्या मायची गोष्ट सांगितली. आम्हाला ती तुकड्यातुकड्यांत माहीत होती, सलग त्या दिवशी ऐकली. तिलाही असंच विचारत, डोळे मिटवून विचारत, आणि ती जे बोले ते देवीचं समजत. "तिचं सोताचं कोनी ऐकलंच नाई," ते म्हणाले.

"मंग माहं तरी ऐकू द्या कोनाले."

"तू मान हलवून राहिली होती तिथं."

"हलली तर हलू द्या. तुमच्या मायच्या आंगात देवी होती म्हनत. माह्या आंगात थे गाव हाये. त्याले लिंबाच्या डहाळीनं मारलं तरी नाई जात, अन् चक्कर म्हनलं तरी नाई जात."

बाबांनी ऐकून घेतलं आणि ठरवल्यासारखे म्हणाले की पुन्हा तिथे जायचं नाही. वस्तीत काय तोंड दाखवायचं, हेही म्हणाले. माझे बाबा वाईट माणूस नव्हते, मी त्यांची मुलगी आहे, मला ते ठाऊक आहे. पण त्या क्षणी वस्तीला दाखवायचं त्यांचं तोंड आणि रामदासपेठेतून उघडं आणलेलं मावशीचं तोंड ही दोन्ही माझ्यासमोर होती, आणि मला त्यांची दया आली नाही.

पुढच्या गुरुवारी बाबा दिवसपाळीला गेले. मायने मावशीला नवं पातळ काढून दिलं. "त्यायनं इचारलं तर म्या धाडलं म्हनून सांगीन," ती म्हणाली. लग्नानंतर बाबांच्या शब्दाबाहेर ती पहिल्यांदाच गेली असावी. ती उगाचच पातळाच्या निऱ्या नीट करत होती.

इंदुताईंनी आम्हाला पाहून काही विचारलं नाही. आज डोळे उघडे ठेवू या, एवढंच त्या मावशीला म्हणाल्या. मी बाहेर बाकावर बसले. आधी काही ऐकू येईना. मग मावशीचा आवाज चढला. शिव्या होत्या त्या. मावशीच्या तोंडून मी साधी मेल्या-मुडद्याही ऐकली नव्हती. ती एकेकाचं नाव घेऊन देत होती. केस धरणाऱ्यांना, डबा ओतणाऱ्याला, वकिलाला, लग्न लावा म्हणणाऱ्या डॉक्टरला. मग बाबांना. मग, माझे कान खरं बोलतात का असं मला वाटलं, प्रयागबाईला.

माझ्या शेजारी एक जरीकाठाची बाई तिच्या मुलीला घेऊन बसली होती. तिने मुलीला पलीकडच्या बाकावर नेलं. मी तिच्याकडे इतका वेळ रोखून पाहिलं की तिने शेवटी मासिकात डोकं घातलं. कंपाउंडर घाबरून पडद्यापाशी गेला. आतून इंदुताईंचा हात बाहेर आला आणि त्याला जायची खूण करून परत गेला.

मावशी बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. केस सुटलेले होते. तिने तिथेच उभं राहून, त्या बाईसमोर, सावकाश अंबाडा घातला. इंदुताई दारापर्यंत आल्या. हे एवढ्यात सरायचं नाही, त्या मावशीलाच म्हणाल्या, माझ्याकडे न पाहता. पुष्कळदा यावं लागेल. स्टोव्हची भीती इतक्यात जाणार नाही, जाईल असं मी खोटं सांगत नाही. मावशी येईन म्हणाली.

रस्त्याने ती पदराने तोंड पुसत चालली. मग म्हणाली, "तिनं मधी तोंड घातलं नाई." आणखी थोड्या वेळाने, "रडलीबी नाई ते. रडली असती तं मी उठून आली असती."

घरी बाबा आमच्या आधी पोचले होते. माय विझलेल्या स्टोव्हपाशी खाली मान घालून बसलेली, म्हणजे सगळं बोलून झालं होतं. त्या वर्षीचा विहारातला कार्यक्रम अजून पुष्कळ लांब होता, पण बाबांच्या बोलण्याची सुरुवात तिथूनच झाली. प्रयागबाईसारखी म्हातारी आगीतसुद्धा डगमगली नाही, आणि तिची सून चोरून डॉक्टरकडे जाते, असं काहीतरी. मग त्यांनी विचारलं, "काय सांगतलं तिले?"

"तुमाले ऐकाचं हाये? ऐकाचं असन तं बसा. नाई तं जा."

बाबा उभे होते. ते बसले.

"तुमी लांब नागपुरात होते, भाऊजी. दाराशी मी होती. तुमची प्रयागबाई मले शिव्या देऊन राहिली होती. प्रेमिला, रांडे, मले टाकून पळाली. प्रेमिला, रांडे, मले टाकून पळाली. आवाज बंद होयेपर्यंत हेच. दोघं माह्या केसायले लटकले होते, थे तिले कुठून दिसन? मी हाक माराले गेली तं एकानं तोंडावर हात दाबला. थे मले शिव्या देत मेली. तिच्या मनात मी पळाली."

माय भिंतीला टेकली.

"अन् तुमी मले फुडच्या सतरंजीवर बसवता," मावशी म्हणाली. "तिच्या ओठावर बुद्धं सरणं होतं म्हनून सांगता. लोक माह्या पाया पडतेत. मी बसून राहतो तिथं, अन् मले थे शिव्या ऐकू येतेत."

"लोकायले धीर लागते, प्रेमिला."

"माहा धीर काढून लोकायले वाटता तुमी."

बाहेर कुणीतरी तांब्या आपटत नळाकडे चाललं होतं. बाबांनी हातांनी तोंड पुसलं आणि थकलेल्या आवाजात विचारलं, "मंग यंदा काय सांगू मी तिथं?"

"सांगा का तिले जाळलं. तेवढंच सांगा. फुडं काई लावू नका."

बाबा हो म्हणाले नाहीत. मावशीही उत्तरासाठी थांबली नाही. तिने ताट ओढलं, भाकरी मोडली, आणि पुढच्या गुरुवारी मी एकटीच जाईन, जयाचा अभ्यास बुडवायचा नाही, असं मायला सांगून जेवायला लागली. रागातच जेवत होती ती, मोठे मोठे घास घेत.